बोटं बसली, पण कॉर्ड कोणती?

गिटारवर बोटं कुठेतरी बसतात, गोड वाजतं, पण त्या कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचं) नाव कळत नाही. 'टक्सगिटार' हे फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या.

१. नवी फाइल उघडून मेनूतून कॉर्डची खिडकी उघडा.
२. चित्रातल्या सहा तारांवर, तुमची बोटं आहेत त्याच पडद्यांवर क्लिक करा. न वाजणारी तार बंदच ठेवा.
३. नाव बघा. सी कॉर्ड धरून (बारीक तारेकडून मोजत) दुसऱ्या तारेवरचं बोट पहिल्याऐवजी तिसऱ्या पडद्यावर नेलंत तर 'सी ॲड नाइन'.

उलटंही चालतं. एफ निवडा, त्याचे निरनिराळे आकार दिसतात. बारे (एकाच बोटाने अनेक तारा दाबणं) जमत नसेल (सुरुवातीला कुणाला जमतो!) तर चार तारांचा घ्या.

कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला असेल तर जपून: दुसऱ्या पडद्यावर कापो असताना सीचा आकार प्रत्यक्षात डी वाजतो.