अमळनेरला बदली झालीय? पहिला वैशाख इथेच काढा

अमळनेरची ऑर्डर हातात पडली की माणूस आधी जळगाव किती लांब ते विचारतो. आम्हीही विचारलं होतं. १९९६ च्या जूनमध्ये चिपळूणहून दोन ट्रंका, एक लोखंडी कॉट आणि दीड वर्षाचा मुलगा घेऊन आलो, ते तीन वर्षांच्या बोलीवर. मग मला इथल्या एका शाळेत नोकरी लागली, मुलगा शाळेत जायला लागला, आणि कोकणात परत जायचं राहूनच गेलं. आमच्या गल्लीत दर जूनला कुणी ना कुणी नवीन येतं. कधी बँकेतली मुलगी, कधी वीज कंपनीतला इंजिनिअर, कधी कोर्टातले कारकून. त्यांना ओट्यावर बसून जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

भाड्याचं घर बघायला दुपारी दोन वाजता जा. सकाळी सगळीच घरं गार वाटतात. पश्चिमेला उघडी भिंत असलेली, वर थेट स्लॅब असलेली खोली स्वस्तात मिळते, पण घेऊ नका. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो. दुसरी चौकशी पाण्याची. गावाला पाणी तापीवरून येतं, पण नळ रोज येत नाही. घरमालकाला नुसतं "पाणी आहे का" असं विचारलं तर "आहे" असंच उत्तर मिळेल. कितव्या दिवशी येतं, किती वाजता येतं, टाकी केवढी आहे, हे विचारा. उन्हाळ्यात कूलरलाही बादल्यांनी पाणी लागतं, ते हिशेबात धरा. पाणी येण्याच्या दिवशी गल्लीतली सगळी माणसं जागी आणि बाहेर असतात. माझ्या निम्म्या ओळखी त्या नळाच्या वेळेला झाल्या.

अमळनेर हमरस्त्यावर नाही. सुरत-नागपूर महामार्ग दक्षिणेकडून, पारोळ्यावरून जातो. त्यामुळे रस्त्याचा प्रवास म्हणजे एस.टी. जळगाव, धुळे, चोपडा, पारोळा, शिरपूर, सगळीकडच्या गाड्या स्टँडवरून मिळतात. जिल्ह्याचं ठिकाण जळगाव असलं तरी धुळे जवळ पडतं, म्हणून मोठी खरेदी नाहीतर दवाखाना म्हटलं की गावची माणसं बऱ्याचदा धुळ्याची गाडी धरतात. बायकांना मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. आईवडील येणार असतील तर त्यांना आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा. गावात मोबाइलवरून बोलवायच्या टॅक्सीची वाट बघू नका. रिक्षा आहेत, आणि बरीचशी कामं पायीच होतात.

खरी वाट आगगाडीची. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून जळगाव-भुसावळकडे जाणारी ही लाइन १९०० च्या सुमाराची. आम्ही आलो तेव्हा मार्ग एकेरी होता आणि क्रॉसिंगसाठी गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात अर्धा अर्धा तास उभी राहायची. आता दुहेरी झालाय. जळगाव मध्य रेल्वेत आणि अमळनेर पश्चिम रेल्वेत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या. पुणे, नाशिक, कोकण गाठायचं तर आधी जळगावला जाऊन मध्य रेल्वेची गाडी. सुरत, बडोदा, अहमदाबाद गाठायचं तर थेट इथूनच. नवजीवन, ताप्तीगंगा, खानदेश एक्सप्रेस इथे थांबतात, पण दिवस आणि वेळा बदलत असतात, त्या बघून घ्या. एकदा तरी सुरतेच्या पॅसेंजरने नंदुरबारपर्यंत जा. डब्यात पिशव्या, पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या घेऊन सुरतेजवळच्या उधन्याला निघालेली माणसं भेटतील. खानदेशातल्या कितीतरी घरांतलं एक तरी माणूस सुरतेच्या कापडधंद्यात आहे. इथली मिल बंद पडली आणि तिकडचे माग चालू राहिले, म्हणून हा डबा भरलेला असतो.

मिल म्हणजे प्रताप मिल. 'गिरणी' म्हणाल तर इथे पिठाची गिरणी समजतील. काळ्या मातीतला कापूस शेजारीच, आणि त्याला सुरत नि मुंबई या दोन्ही बंदरांकडे नेणारी रेल्वे दाराशी, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत मोतीलाल माणिकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांनी ती इथे काढली. गावात प्रताप हे नाव जागोजागी दिसेल. प्रताप मिल, प्रताप हायस्कूल, प्रताप महाविद्यालय. मला पहिले सहा महिने वाटायचं की हा कुणी राजा असावा. कापडातून आलेला पैसा या माणसाने शिकवण्यात घातला, आणि नुसत्या शाळेत नाही. १९१६ साली त्यांनी मुंबईच्या वल्लभदास शेठांबरोबर इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. मिलच्या गावात वेदान्ताच्या अभ्यासाला विद्यावेतन, ग्रंथालय, राहायची सोय. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्ववेत्ते बंगालमधून इथे येऊन राहिले. पहिल्याच महिन्यात ती वास्तू बघून या.

साने गुरुजी अमळनेरला आले तेही याच तत्त्वज्ञान मंदिरामुळे. गुरुजी मूळचे दापोलीजवळच्या पालगडचे, म्हणजे माझ्यासारखेच कोकणातून आलेले. १९२३ साली इथे अभ्यासाला आले, १९२४ मध्ये हायस्कुलात शिक्षक झाले, वसतिगृहाची जबाबदारी घेतली. मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुऊन ठेवायचे, मुलांसाठी रोज हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे. १९३० मध्ये नोकरी सोडून चळवळीत पडले, तरी गाव सुटलं नाही. १९३८ मध्ये 'काँग्रेस' साप्ताहिक त्यांनी इथूनच काढलं. पहिल्या पावसाळ्यात मला घरची आठवण येऊन रडू यायचं, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "गुरुजीबी तुमना कोकणना व्हतात ना, त्या कश्या राहिनात?" त्या दिवसानंतर मी रडले नाही असं नाही, पण एकटी आहे असं वाटेनासं झालं.

तेलाची गोष्टही मिलइतकीच मोठी. खानदेशात भुईमूग भरपूर, म्हणून १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नंबरचा कपड्याचा साबण हे तिचे जुने माल. १९६६ मध्ये ते वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आले. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. सुरुवातीच्या काळात गावातल्या कितीतरी साध्या कुटुंबांनी तिचे शेअर्स घेतले, पुढच्या पिढ्यांनी ते जपले, आणि कित्येकांची लग्नं, शिक्षणं, घरं त्यातून झाली. या गोष्टी माणसं आनंदाने सांगतात. आकडा मात्र विचारू नये, तो घरातला मामला आहे.

आमच्या शेजारचे आप्पा मिलमध्ये विणाई खात्यात होते. आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं, भिंतीपलीकडे जोराचं भांडण चाललंय. बऱ्याच दिवसांनी कळलं की मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं, त्यामुळे चहा मागायलाही ते त्याच आवाजात बोलतात. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायची सवयही त्यांना तिथलीच. एकदा मी जळगावहून आणलेलं चादरीचं कापड दाखवलं. आप्पांनी किंमत विचारली नाही. कडेचा एक धागा ओढून काढला, दोन बोटांत पीळ उलगडला, कापड उजेडासमोर ताणून धरलं आणि म्हणाले, "धुईसन आखडी जाई. परत करी द्या." पहिल्याच धुण्यात चादर चार बोटं आखडली. भोंगा बंद होऊन वर्षं झाली तरी ते पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून ओट्यावर बसायचे. तुमच्या गल्लीतही असं एखादं घर असेल. संध्याकाळी जाऊन बसा. मिल बंद झाली तेव्हा कुणाचं काय झालं, कोण सुरतेला गेलं, कुणी हातगाडी लावली, कुणाच्या मुलींची शाळा सुटली, हे तुम्हाला कोणत्याही पाटीवर लिहिलेलं मिळणार नाही.

आता बोलीबद्दल, कारण इथेच नवीन माणसाचं अडतं. गावात अहिराणी बोलतात. ती बिघडलेली मराठी नाही, आणि तसं कधी तोंडातून जाऊ देऊ नका. एक खूण सांगते, 'ळ' चा 'य' होतो. डाळ म्हणजे दाय, शाळा म्हणजे शाया, काळा म्हणजे काया. पहिल्या आठवड्यात किराणा दुकानात मी तूरडाळ मागितली, दुकानदार म्हणाला, "दाय सरनी, ताई." दाय काय ते कळेना आणि सरनी म्हणजे काय तेही कळेना. मी हसून रिकामी पिशवी घेऊन घरी आले. सरनी म्हणजे संपली. 'आहे'ला शे, 'आहेत'ला शेतस, 'इथे'ला आठे, 'मला'ला माले. "कथा जाई राहिनात?" असं रस्त्यात कुणी विचारलं तर ती चौकशी नाही, नमस्कारच आहे. "बाजारात" एवढं म्हणून हसलं तरी पुरे. मोठ्या माणसाला आप्पा, नाना, आबा, बापू म्हणा, नावाने हाक मारू नका. आणि दुपारी कुणाच्या दारात गेलात नि "जेवनात का?" विचारलं, तर खरं उत्तर द्या. खोटं "हो" म्हटलं तर ताट चुकतं, खरं "नाही" म्हटलं तर चुकत नाही.

ताटात कळण्याची भाकरी असेल. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली, काळपट, खरपूस. सोबत ठेचा आणि तेल, नाहीतर हिवाळ्यात हिरव्या वांग्यांचं भरीत. ही भाकरी मला जमायला दोन वर्षं लागली. चक्कीवर कळण्याचं पीठ तयार मिळतं, मात्र थोडं थोडंच आणा. ओल्या नारळाची सवय असणाऱ्यांना इथला भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा काळा मसाला आधी झणका देतो. शेवभाजी हॉटेलात खा, पण वरण-बट्टी कुणाच्या तरी घरी, पंगतीतच खा.

बाकी गाव तुम्ही फिरून बघालच. दगडी दरवाजा, सुभाष चौक, बोरी नदी ओलांडून पलीकडचं पैलाड. मंगळवारी मंगळ ग्रह मंदिरामुळे चोपडा रस्त्याला गर्दी असते, त्या दिवशी चोपड्याला निघायचं तर वेळ हातात ठेवा. मराठी साहित्य संमेलन इथे १९५२ मध्ये झालं होतं, ते ७२ वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत परत आलं. त्या तीन दिवसांत आमच्या गल्लीतल्या घरोघरी पाहुणे होते.

बदलीवर आलेली माणसं एक चूक हमखास करतात, आम्हीही केली. शाळेला सुट्टी लागली, ऊन तापलं, की गावी पळायचं. आम्ही पहिली दोन्ही वर्षं वैशाखात चिपळूणला होतो. परत आलं की गल्लीतली माणसं विचारायची, "यात्राले नही व्हतात?" आणि मी ऊन ऊन करायचे. तिसऱ्या वर्षी यांना रजा मिळाली नाही म्हणून राहिलो, तेव्हा कळलं की गावाचे सगळे मोठे दिवस नेमके त्याच उन्हात आहेत. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधलेले, घरोघरी आमरस, खापरावरचे मांडे, आणि दारादारात गौराईची गाणी. माझं माहेर इतकं लांब, तर आप्पांच्या घरच्या काकूंनी मला त्यांच्या मुलींबरोबर पाटावर बसवून जेवायला वाढलं. पुढे एकादशीला संत सखाराम महाराजांचा रथ, आणि पौर्णिमेला पालखी. बोरीच्या कोरड्या पात्रात यात्रा भरते. पाळणे, भांड्यांची दुकानं, उसाच्या रसाचे घाणे. सुरतेला गेलेली माणसंही त्या दिवसांत पॅसेंजर भरून परत येतात, आणि एरवी कुलूप असलेली घरं उघडी दिसतात.

म्हणून पहिल्या वर्षी रजा दिवाळीला घ्या, वैशाखात घेऊ नका. दुपारी बाराच्या आत कामं उरका, डोक्याला ओला पंचा, खिशात कांदा, घरात माठ. आणि एकादशीच्या रात्री लवकर जेवून तयार राहा. चपला जुन्या घाला, पात्रात धूळ फार असते. रथ निघाला की गल्लीतलं कुणीतरी तुमच्या दाराशी येऊन हाक मारेल. पोराला खांद्यावर घ्या आणि जा त्यांच्याबरोबर.