जर्मन बॉम्बच्या फ्यूजमधलं घड्याळ साफ करून परत चालवताना

आधीच सांगतो, हे सगळं दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बॉम्बच्या फ्यूजमधून (बॉम्बचा स्फोट घडवणारा भाग) आधीच बाहेर काढलेल्या घड्याळाबद्दल आहे. म्हणजे सुटं मशीन, नाहीतर बॉडी कापून आतलं दाखवणारा पीस, आणि सोबत स्फोटकमुक्त असल्याचं तज्ज्ञाचं लेखी सर्टिफिकेट. बंद फ्यूज हाती आला तर तो उघडायचा नाही, घासायचा नाही, तेल सोडून किंवा गरम करून रिंग सैल करायची तर अजिबात नाही. विकणाऱ्याने नुसतं तोंडी "इनर्ट आहे", म्हणजे आत स्फोटक नाही, असं म्हटलं तर ते धरू नका. जमिनीत सापडलेला असेल तर हात न लावता लांब व्हा आणि पोलिसांना फोन करा, जर्मनीत आजसुद्धा हे काम काम्फमिटेलरॉयमडीन्स्ट (जुने बॉम्ब काढणारं सरकारी पथक) करतं, कारण ऐंशी वर्षं झाली म्हणून स्फोटक निकामी होत नाही, काही तर जुनी होऊन जास्त नाजूक होतात. सर्टिफिकेट असूनही फटीत पिवळे किंवा पांढरे खडे दिसले, काही ओळखू आलं नाही, तर काम तिथेच थांबवायचं.

आता घड्याळ. सगळ्यात जास्त बोललं जातं ते १७ नंबरच्या फ्यूजबद्दल. डोक्यावर गोलात १७ कोरलेला असतो, आणि आतलं घड्याळ बॉम्ब पडल्यावर साधारण ७२ तासांपर्यंतचा उशीर देऊ शकायचं. त्याखाली बऱ्याचदा त्सुस ४० नावाचं उपकरण बसवलेलं असायचं, फ्यूज ओढून काढायला गेलं की बॉम्ब फुटावा म्हणून. १९४० च्या लंडनमध्ये बॉम्ब डिस्पोजलवाले खड्ड्यात उतरून स्टेथोस्कोप लावून हीच टिकटिक ऐकायचे. आणि धक्क्याने थांबलेलं घड्याळ काम चालू असताना पुन्हा सुरू व्हायचं, म्हणून ते थांबवून ठेवायला मोठे चुंबक वापरले गेले. बॉम्ब निकामी करणारा ब्रिटिश उमराव अर्ल ऑफ सफोक १२ मे १९४१ ला लंडनजवळच्या एरिथच्या दलदलीत बॉम्ब फुटून गेला, तो ज्या बॉम्बवर काम करत होता त्यात १७ आणि ५० (हलवलं की बॉम्ब फोडणारा) दोन्ही फ्यूज होते. मी हे लिहितोय कारण मशीन समोर ठेवताना हे माहीत असलं की हात आपोआप हळू चालतो.

पहिलं काम कमान (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी स्प्रिंग) उतरवणं. कमान भरलेली आहे असंच धरून चाला. किल्लीने आर्बर (कमान ज्यावर गुंडाळते तो दांडा) घट्ट धरायचा, त्याला उलटं फिरू न देणारा खटका हलकेच मागे घ्यायचा आणि हातात जोर धरून थोडं थोडं सोडत जायचं, एकदम सुटलं तर दाते जातात. हे न करता बॅलन्स (झोके घेऊन वेग राखणारं चाक) काढला की सगळी चाकं भर्रकन फिरतात आणि दांड्यांची बारीक टोकं, म्हणजे पिव्हट, तुटतात. माझ्या हातून एक मशीन असंच गेलंय, चौथ्या चाकाचा पिव्हट तुटला, तसलं चाक परत मिळालं नाही.

खोलताना प्रत्येक पायरीला फोटो काढा आणि स्क्रू कागदावर मशीनचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवा. स्क्रू सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते.

धुण्याबद्दल सविस्तर, कारण खरी अडचण इथेच असते. आतलं तेल वाळून तपकिरी वार्निशसारखं झालेलं असतं, भिंगाखाली पिव्हटभोवती मधासारखी कडा दिसते. पितळी प्लेट आणि चाकं आधी नॅफ्थात (पेट्रोलसारखं सफाईचं द्रव) भिजवा, मऊ ब्रशने घासा, मग पिव्हट बसतात ती भोकं टोकदार लाकडी काडीने पुसा, काडी फिरवायची, काळं टोक चाकूने तासायचं, परत फिरवायची, टोक पांढरं निघेपर्यंत. एकेका भोकाला पाच-सात वेळा लागतं, कंटाळा करू नका, दिसायला चकाचक असलेलं मशीन याच भोकांमुळे अडतं. पॅलेटला (चाकाचा एकेक दाता सोडणारा तुकडा) खडे असतील तर अल्कोहोलमध्ये बुडवू नका, ते लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख सुटते. अमोनियावाल्या लिक्विडमध्ये पितळ फार वेळ ठेवलं तरी वाईट.

बालकमानीवर (बॅलन्सला झुलवणारी बारीक तार) गंज असेल तर नॅफ्थात बुडवून ब्रशचे एक-दोन केस फिरवून जेवढा निघेल तेवढाच काढायचा. चिमट्याने सरळ करायचा मोह होतो, पण ती जुनी तार वाकवली की तुटते. तुटलेली असेल तर तशीच राहू दे, अलार्म घड्याळाची कमान कापून बसवलेला पीस चालतो खरा, पण मला तो खोटा वाटतो. तसंच स्फोट घडवणारी सुई आणि तिला सोडणारा भाग काढून टाकलेला असेल तर तो नवा बनवायचा नाही. नुसतं घड्याळ चालू दे, बास.

पॉलिश करू नका. नंबर, अक्षरी कोड, वर्ष, हे उथळ कोरलेलं असतं आणि एका पॉलिशमध्ये पुसट होतं. ॲल्युमिनियमवरची पांढरी बुरशीसारखी पूड लाकडी काडीने खरवडून काढली की पुरे.

जुळवताना बॅलन्स बसवायच्या आधी चाकांची गाडी (एकमेकांना फिरवणाऱ्या चाकांची रांग) हवेच्या हलक्या फुंकरीने फिरते का बघा. अडली तर जबरदस्ती नको, परत काडी. बॅलन्स आणि वेगाने फिरणाऱ्या पिव्हटना मोबियस या घड्याळ-तेलाच्या ब्रँडचं ९०१०, हळू फिरणाऱ्यांना डी५, पॅलेटला ९४१५, कमानीला ८२००. थेंब भिंगाखालीच टाका, जास्त झालं तर पसरतं. दात्यांना तेल नाही.

मग दोन-तीन खटके एवढीच चावी द्या. बॅलन्स आधी नुसता थरथरतो, मग झोका पकडतो, आणि बंद खोलीत ती टिकटिक मनगटी घड्याळापेक्षा जाड ऐकू येते. पहिल्यांदा मी बराच वेळ काही न करता ऐकतच बसलो होतो.

पाच-दहा मिनिटं चालवून बघितलं की कमान परत उतरवून ठेवा, भरलेली ठेवू नका. डब्यावर ठळक लेबल आणि आत सर्टिफिकेटची कॉपी हवीच, म्हणजे तुमच्यानंतर घरात कुणाच्या हाती लागलं तर घाबरायला नको. आणि विमानात घेऊन जाऊ नका, एक्सरेत ते बॉम्बचं टायमरच दिसतं, कारण ते तेच आहे.