नाशकात नवीन आलात? टॅक्सचं आधी वाचा

जळगाव-धुळ्याकडून सिडको, सातपूर, अंबडला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. म्हणून एकदाच लिहितो.

नोकरीवाल्यांनो, वर्षाच्या मध्येच कंपनी बदललीत तर आधीच्या पगाराचा आकडा नव्या कंपनीला द्या. नाहीतर चौदा-पंधरा लाखांचं पॅकेज असलं तरी नवी कंपनी आपल्याकडचेच महिने मोजते, पगार १२ लाखांच्या आत दिसतो, टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा टॅक्स) कापला जात नाही. रिटर्न भरताना दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) जोडले की फरक तुमच्या खिशातून. आणि १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून रिटर्न नाही, असं नसतं. इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत (न्यू रेजिम) ४ लाखांवर उत्पन्न गेलं की रिटर्न भरावंच लागतं. पगारातून २०० रुपये जातात (फेब्रुवारीत ३००), तो व्यवसाय कर.

धंदेवाल्यांनो, मालाच्या विक्रीला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नंबर लागत नाही. माल राज्याबाहेर विकलात तर पहिल्या रुपयापासून लागतो. जळगावचा जीएसटी नंबर इथे चालतो, राज्य एकच. फक्त १५ दिवसांत पत्ता बदलून घ्या. त्यासाठी गाळामालकाचं संमतीपत्र आणि लाइट बिल लागतं. नाशिककर गोड बोलतात, पण डिपॉझिट हातात पडलं की ‘पुढच्या आठवड्यात देतो’ सुरू होतं. कागद आधी, पैसे नंतर.

आता खरं दुखणं. आपल्या खान्देशी मंडळींना गावाकडच्या ओळखीच्या टॅक्सवाल्याकडे सगळं सोपवून मोकळं व्हायची खोड. पाथर्डी फाट्यावरच्या एका पोराने मोबाईल कव्हरचं दुकान बंद केलं, शटर ओढलं, झालं. जीएसटी नंबर चालूच राहिला. विक्री शून्य असली तरी रिटर्न लागतं. नाही भरलं तर प्रत्येक रिटर्नमागे दिवसाला २० रुपये लेट फी, कमाल ५०० पर्यंत. महिने साचत गेले. नोटिसा आल्या, पण त्या याला दिसल्याच नाहीत. जीएसटी पोर्टल उघडून बघितलं तर तिथे नोंदवलेल्या मोबाईलचे शेवटचे चार आकडे त्याचे नव्हतेच, ईमेलही टॅक्सवाल्याचाच. नवीन धंद्याला नंबर घ्यायला गेला तेव्हा जुनी थकबाकी पुढ्यात आली.

तेव्हा जीएसटी आणि इन्कम टॅक्स, दोन्ही पोर्टलवर मोबाईल नि ईमेल स्वतःचाच टाका. टॅक्सवाला सख्खा मेहुणा असला तरी. दुकान बंद केलंत तर नंबर रद्द करायचा अर्ज द्या, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० भरा. हे शेवटचं रिटर्न हमखास राहून जातं.

धंद्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५००, वेगळा. शॉप ॲक्टला (दुकानाची सरकारी नोंदणी) माणसं विसाच्या आत असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते. त्यासाठी दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार करा.