सबवूफर घरी बांधताना: आधी पेटी, मग ॲम्प्लिफायर

सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर, बांधताना नवीन माणूस बहुधा आधी ॲम्प्लिफायर घेतो आणि पेटी सुताराच्या अंदाजावर सोडतो. क्रम उलटा हवा. स्पीकर किती वॅट झेलेल हे कॉइलवर (आतल्या तारेच्या वेटोळ्यावर) ठरतं तितकंच पेटीतल्या हवेवरही ठरतं, कारण कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, मागून आवरून धरते ती हीच हवा.

समजा 10 इंची स्पीकर आहे आणि माहितीपत्रकात एफएस (कोन मोकळा असताना ज्या सुराला सहज डोलतो तो) 28 हर्ट्झ, क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलं जातं याचा आकडा) 0.40, व्हीएएस (कोनच्या लवचीकपणाइतकी लवचीक हवा) 60 लिटर दिलंय. बंद पेटीत क्यूटीसी (पेटीत बसवल्यावरचा तोच आवरण्याचा आकडा; जास्त झाला की बास घुमतो) 0.707 हवा असेल, तर 0.707 ला 0.40 ने भागा, वर्ग करा, 1 वजा करा. उत्तर 2.12. व्हीएएसला त्याने भागलं की 28 लिटर मिळतात. स्पीकरचा मागचा भाग आणि आतल्या आधारपट्ट्या यांना साधारण 3 लिटर जादा धरा. आतलं माप 35 × 30 × 30 सेंमी पुरतं. जागा नाही म्हणून 15 लिटरवर आलात तर क्यूटीसी 0.89 होतो आणि तबल्याचा बायाँ घुमत राहतो.

28 लिटरच्या पेटीत 50 हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. तो बास नॉबने भरून काढायचा मोह होतो, पण 6 डेसिबल वाढ म्हणजे चौपट वॅट: 60 चे 240. कॉइल तापायच्या आधीच कोन मर्यादेबाहेर जाऊन ठकठक करतो. पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या, पेटीत धोका वेगळा आहे. नळीच्या मापाने ती 30 हर्ट्झला ट्यून केली तर त्याखाली हवेची पकड सुटते, म्हणून 25 हर्ट्झच्या आसपास सबसॉनिक फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) हवाच.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचे पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) आकडे सोडून द्या. ब्रिज पद्धतीच्या (स्पीकरची दोन्ही टोकं चालवणाऱ्या) मोनो ॲम्प्लिफायर बोर्डला 24 व्होल्टचा ॲडाप्टर दिला, तर 4 ओहमवर गणिताने स्वच्छ 72 वॅटच निघतात, बोर्डावर 150 छापलेले असले तरी. 36 व्होल्टला 162. दुहेरी कॉइल 4+4 ओहमची असेल तर समांतर जोडणी 2 ओहम होते. बोर्ड 2 ओहमचा नसेल तर तो तापून बंद पडतो.

किनाऱ्यावर एमडीएफ वापरूच नका. मालवण-वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात, सांधे उघडतात. आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा 18 मिमी मरीन प्लाय, पाण्यात टिकणारा गोंद, स्टेनलेस स्क्रू, आणि कापलेल्या कडांना आतूनही सीलर. कागदी कोनपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन दमट हवेत बरा. वायर कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या, खाऱ्या हवेत साधं तांबं काळवंडतं.

कौलारू घरात खालचा बास छपरातून निसटतो, स्लॅबच्या बंद खोलीत तीच पेटी भरदार वाजते. तेव्हा मोठा ॲम्प्लिफायर घेण्याआधी पेटी कोपऱ्यात सरकवून ऐका.

बंद पेटी तयार झाल्यावर 20 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि पंखा बंद करून सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे गळती आहे. बहुतेकदा ती टर्मिनलच्या कडेला किंवा स्पीकरच्या गॅस्केटखाली सापडते.