बीएसडब्ल्यूच्या फिल्डवर्कला खेडं मिळालं तर

बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, नवीन ॲडमिशन घेतलेल्या पोरापोरींचे सारखे मेसेज येतात की फिल्डवर्कला नेमकं करायचं काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं फिल्डवर्क बीड जिल्ह्यात झालं, त्यामुळं हे सगळं खेड्यातल्या प्लेसमेंटबद्दल आहे. आधी ओरिएंटेशन व्हिजिट होतात, शाळा, सरकारी दवाखाना, बालगृह असं दाखवतात, मग प्लेसमेंट लागते, म्हणजे कामाचं ठिकाण ठरतं, आणि साधारण आठवड्याचे दोन दिवस फिल्डवर. सगळ्यांना हॉस्पिटल नाहीतर समुपदेशन केंद्र पाहिजे असतं, पण गाव मिळालं म्हणून नाराज होऊ नका, केसवर्क (एकेका माणसासोबतचं काम), ग्रुपवर्क (गटासोबतचं) आणि समुदाय संघटन (अख्ख्या वस्तीसोबतचं) तिन्ही तिथं एकाच ठिकाणी शिकायला मिळतं.

फक्त एक डोक्यात पक्कं ठेवा, आपल्याकडं गावाचं वर्ष साखर कारखान्यावर चालतं, कॉलेजच्या टाइमटेबलवर नाही. दसरा-दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, निघतात, मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, नवरा-बायको दोघं जातात आणि वस्तीवर म्हातारी माणसं अन् लेकरं राहतात, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. तुम्ही महिलांच्या गटाचा प्लॅन दुसऱ्या सेमिस्टरला ठेवला तर बैठकीला बायाच नसतील. म्हणून घरभेटी, सर्व्हे, बचत गटाच्या बैठका दसऱ्याच्या आत उरका. नंतर मागं राहिलेल्यांसोबत काम करा, मागं राहिलेल्या लेकरांसाठीचं हंगामी वसतिगृह चालू झालं का, कोणती लेकरं आईबापासोबत उसाच्या फडावर गेली, गुरुजींकडचं हजेरीपत्रक काय सांगतंय ते बघा.

आता केसवर्क. एका वस्तीवरच्या मावशींनी पत्र्याच्या पेटीतून कॅरीबॅग काढून माझ्यापुढं रिकामी केली, रेशनकार्ड, आधार, पासबुक, नवऱ्याचा पासपोर्ट फोटो, सगळं होतं, नव्हता तो नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. "माय, माझा निराधारचा पगार चालू करून देतीस का?" संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला 1500 रुपये मिळतात, त्यांच्यासाठी ती मोठी रक्कम आहे. अशा वेळी "हो, करते" असं तोंडावर येतं, पण तेवढं बोलू नका. मी कॉलेजात शिकते, मंजुरी तहसीलच्या हातात आहे, पण कागद जमवायला मी तुमच्यासोबत येते, एवढंच सांगायचं. मग खरं काम सुरू होतं. नवरा ऊसतोडीला गेलेला असताना दुसऱ्या जिल्ह्यात वारला होता, आणि मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते, त्यामुळं आमच्या ग्रामपंचायतीत कितीही रजिस्टर चाळलं तरी काही सापडणार नव्हतं. मुकादमाला विचारून गाव शोधायचं, तिथल्या ग्रामपंचायतीतून दाखला काढायचा, उत्पन्नाचा दाखला वेगळा, वयाचा पुरावा वेगळा. योजनेची माहिती पुस्तकात सापडेल, पण माणूस कुठं अडतो ते असं सोबत फिरल्यावरच समजतं.

रेकॉर्डिंग, म्हणजे फिल्डवर्कचा लेखी अहवाल, त्याच रात्री लिहा, आठवड्याचं एकदम लिहायला बसलं की "घरभेट दिली, समस्या जाणून घेतल्या" एवढंच उतरतं आणि त्यातून सुपरवायझर सरांनाही काही कळत नाही. कोण काय बोललं, बोलताना घरात अजून कोण होतं, सासू आल्यावर सून गप्प झाली का, हे लिहा. आयसीमध्ये, म्हणजे सुपरवायझरसोबतच्या एकट्याच्या चर्चेत, याच गोष्टींवर सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, तिथं मनात आलेलं बिनधास्त विचारा.

बालविवाहाची कुणकुण लागली तर एकटी-दुकटीनं मांडवात जाऊन लग्न थांबवायला बघू नका. 2006 च्या कायद्यानं मुलीचं वय 18 पूर्ण पाहिजे आणि गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. सुपरवायझरला लगेच कळवा, 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. अंगणवाडीच्या ताईंना बहुतेक वेळा आपल्याआधी माहीत असतं, त्यांच्याशी पहिल्यापासून ओळख ठेवा.

शेवटच्या महिन्यात अचानक जाणं बंद करू नका, लोक वाट बघतात. कधीपर्यंत येणार ते आधीच सांगा आणि अर्धवट केस संस्थेच्या कार्यकर्त्याकडं नाहीतर पुढच्या बॅचकडं द्या. मावशींचा अर्ज माझ्या वर्षात मंजूर झाला नव्हता, मी सगळ्या झेरॉक्स ज्युनियर मुलीकडं दिल्या आणि तिला एकदा घरी नेऊन ओळख करून दिली. तुमच्या फाइलच्या पहिल्याच पानावर कुठला कागद अडकलाय आणि तहसीलला परत कधी जायचंय ते लिहून ठेवा, म्हणजे नवीन येणाऱ्याला पहिल्यापासून विचारत बसावं लागत नाही.