पेरणी यंत्राचा खोलीचा दांडा: मृगाआधीची तयारी

मृग लागतो ७-८ जूनला, पण बी किती खोल पडेल ते ठरवणाऱ्या पेरणी यंत्राच्या दांड्याचं काम मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकून घ्यावं. रोहिणी लागली की निफाड असो, येवला असो की सिन्नर, वेल्डिंगवाल्याच्या दारात रोटाव्हेटर आणि ट्रॉल्यांची रांग लागते. खिट्टीसारखं बारीक काम मग शेवटी हातात घेतलं जातं आणि घाईत केलं जातं.

इथे धरलाय तो खाचपट्टीचा हातदांडा: मुठीजवळ खटका, खटक्यापासून खाली येणारी सळई, तिच्या टोकाला स्प्रिंगच्या जोरावर खाचेत बसणारी खिट्टी, आणि दांड्याच्या आखूड टोकाला खोलीच्या चाकाकडे जाणारा दुवा. तुमच्या यंत्राला खोलीसाठी स्क्रू किंवा भोकांची पट्टी असेल, तर खिट्टीचा भाग सोडा. बाकीचं सगळं लागू आहे.

काम सुरू करण्याआधी लागेल ते हाताशी ठेवा: वायर ब्रश, वाटीभर डिझेल, जुनं फडकं, त्रिकोणी कानस, १७ आणि १९ चे पाने, पक्कड, व्हर्नियर, मोजपट्टी, ग्रीस गन, चार-पाच स्प्लिट पिना. यंत्र जमिनीवर पूर्ण टेकवा, ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घाला आणि चौकटीखाली लाकडी ओंडके सरकवा. दांड्यावर वजन असताना खटका दाबू नका. ९० सेंटिमीटरचा दांडा वजनासकट सुटला तर मनगट किंवा जबडा, जे वाटेत येईल त्याला लागतो. आधी हायड्रॉलिकवर यंत्र किंचित उचलून दांडा मोकळा करा, मग खटका दाबा. बोटं खाचपट्टीपासून कायम लांब.

आता धुणं. खाचांच्या तळाशी मातीपेक्षा वाईट गोष्ट साचते, ती म्हणजे खताची भुकटी. डीएपी, युरिया, १०:२६:२६ हवेतलं पाणी ओढून घट्ट होतात आणि लोखंड खातात. द्राक्षाच्या पट्ट्यात आणखी एक भर: पेरणी यंत्र आणि फवारणीचा ब्लोअर एकाच शेडमध्ये उभे असतात, बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) शिंतोडे स्प्रिंगवर पडतात आणि मोरचूद पोलादाला खड्डे पाडतं. ब्रशने खरवडून डिझेलने धुवा आणि प्रत्येक खाच कोरडी पुसा. मागच्या वर्षी यंत्राला जाड ऑइल पेंट मारला असेल, तर खाचांतला रंग कानसने काढायचा. रंगाचा एक थर खिट्टीला तळापर्यंत जाऊ देत नाही.

दांडा घसरतो म्हटलं की पहिल्यांदा स्प्रिंग बदलली जाते. ते उलटं आहे. स्प्रिंगचं काम खिट्टीला खाचेत ढकलण्यापुरतं. वजन पेलते ती खाचेची उभी भिंत. म्हणून आधी खिट्टी तळापर्यंत बसते का ते पाहा. खिट्टीच्या टोकाला चुलीची काजळी लावा, खाचेत बसवा, दांडा पुढे-मागे जोरात रेटा आणि बाहेर काढून डाग बघा. काजळी भिंतीवर खालून वरपर्यंत उमटली तर ठीक. फक्त वरच्या कडेला उमटली, तर खिट्टी अर्धवट लटकते आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा सळईत सापडतं. सळईला बारदान अडकवणं, तिला धरून यंत्र ओढणं, यांनी ती वाकते; वाकली की आखूड होते आणि खिट्टी कायम थोडी उचललेली राहते. सळई काढून सपाट फरशीवर लोळवा, वाक लगेच दिसतो. सरळ करून परत बसवताना टोकाच्या नटावर लांबी अशी ठेवा की खिट्टी पूर्ण बसलेली असताना खटक्याला २-३ मिलिमीटर मोकळा खेळ राहील. हा खेळ शून्य केला की खटका छान घट्ट वाटतो, आणि लॉक अर्धंच लागतं.

त्यानंतर भिंतीचा आकार. गोल झालेली कड प्रत्येक धक्क्याला खिट्टीला वर ढकलते. जास्त कडक स्प्रिंग टाकून हे थोडं लांबतं, थांबत नाही. वर खटका दाबायला दोन हात लागतात. झिजतात त्या नेहमी दोन-तीनच खाचा, कारण सोयाबीन आणि गहू दरवर्षी त्याच खाचांवर पेरले जातात. दुव्याची लांबी बदलता येत असेल, तर ती दोन-तीन खाचांनी सरकवून रोजची खोली कोऱ्या खाचांवर आणा. फुकटात होणारा इलाज आहे आणि तो फारसा कोणी करत नाही. ते शक्य नसेल तर साध्या लोखंडाच्या पट्टीवर वेल्डिंगचा भराव घालून कानसने भिंत सरळ करता येते, मात्र एकदम सगळ्या खाचा भरल्या तर उष्णतेने पट्टी वळते. एक भरा, थंड होऊ द्या, मग पुढची. खिट्टी कडक केलेल्या पोलादाची असेल तर तिला वेल्डिंगची आच लावू नका. कडकपणा जातो आणि ती एका हंगामात झिजते. ती नवीनच घ्या. जुनी काढून नमुना म्हणून सोबत न्या, कारण यंत्र एकसारखं दिसलं तरी पिनेचं भोक वेगळं निघतं.

आता स्प्रिंग. खड्डे पडलेली, वेटोळी एकमेकांना चिकटलेली किंवा नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर लांबीत वेगळी दिसणारी असेल तर बदला. चांगल्या स्प्रिंगवर खटका सोडताच खिट्टी टक आवाज करून बसते, हाताने मदत करावी लागत नाही.

ढिलेपणा कुठे मोजायचा यात बरीच फसगत होते. समजा मूठ घोळाच्या (दांडा ज्याभोवती फिरतो त्या) बोल्टपासून ९० सेंटिमीटरवर आहे, खाचा २५ वर आणि आखूड टोक १० वर. खाचेत १ मिलिमीटर खेळ असेल तर मूठ ३.६ मिलिमीटर हलते, आखूड टोक मात्र फक्त ०.४. म्हणजे हलणारी मूठ दिसायला भयंकर, नुकसान किरकोळ. उलट आखूड टोकाच्या पिनेत १ मिलिमीटर खेळ असेल तर तो सगळाच्या सगळा पुढे जातो. तीन सांध्यांत मिळून ३ मिलिमीटर, आणि खोलीच्या चाकाचा हात लांब असेल तर जमिनीत त्याहून जास्त. म्हणून व्हर्नियर घेऊन आधी तिकडे जा. पिना मधे बारीक झाल्या असतील तर बदला, भोक लांबट झालं असेल तर मोठं करून बुश बसवा. पिनेच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा चालवू नका. घोळाला नायलॉक नट वापरा आणि करकचून आवळू नका. दांडा हाताने फिरला पाहिजे, आडवा डुलायला नको.

ग्रीस फक्त घोळ आणि पिनांना. खाचांना ग्रीस लावलं की धूळ चिकटून तळ भरतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. खाचांवर पातळ तेलाचं फडकं फिरवा आणि कोरडं पुसून घ्या.

बियाण्याच्या मापाचा छोटा दांडा बहुधा पंखनटावर घट्ट होतो, त्याला खाच नसते. थरथरीने तो सैल होतो. खाली स्प्रिंग वॉशर टाका आणि खडूने खूण करा, म्हणजे सरकला तर दिसेल. माप अंगणातच तपासा. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर आणि ४५ सेंटिमीटरवर पाच ओळी असतील, तर एका फेऱ्यात २.८३ चौरस मीटर पेरलं जातं. हेक्टरी ७५ किलो सोयाबीन धरलं तर चाकाच्या २० फेऱ्यांत पाचही नळ्यांतून मिळून सुमारे ४२५ ग्रॅम बी पडायला हवं. नळीनिहाय वेगळं तोला, एखादी नळी तुंबलेली तिथेच सापडते. शेतात चाक थोडं घसरतं, त्यामुळे प्रत्यक्षात बी जरा कमी पडतं हे धरून चाला.

शेवटची जुळणी शेतात. टॉप लिंक (ट्रॅक्टरची वरची जोडणी, पुढे-मागे पातळीसाठी) आणि उजव्या बाजूचा लेव्हलिंग बॉक्स (डाव्या-उजव्या पातळीसाठी) वापरून चौकट चारही कोपऱ्यांत सारखी करा. वाकड्या चौकटीला कोणतीच खाच बरोबर नसते. सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटर, गहू ५ ते ६. एक तास (शेताच्या लांबीची एक फेरी) पेरून ओळीत दहा ठिकाणी माती उकरा आणि बी किती खाली आहे ते मोजा, दोन्ही कडेच्या फणांसकट. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत जोराच्या पावसानंतर वर कवच धरतं आणि ५ सेंटिमीटरच्या खाली गेलेलं सोयाबीन ते फोडू शकत नाही; सिन्नरच्या मुरमाड भागात उथळ पडलेलं बी दोन उन्हांत कोरडं होतं. म्हणून दोन प्रकारच्या जमिनी असतील तर दोन खाचा ठरतील. ठरलेल्या खाचेशेजारी रंगाने खूण करा आणि पिकाचं नाव लिहा. तीच खूण दर दोन-तीन एकरांनी बघायची: दांडा एक खाच जरी सरकलेला दिसला तरी तिथेच थांबून मागचे तास उकरून मोजा. पेटीत एक जादा स्प्रिंग, एक खिट्टी, दोन पिना आणि मूठभर स्प्लिट पिना टाकून ठेवा.