मुलांना खेळतं करायचंय? आधी वजनाचा विषय बंद करा

"जरा पळ, पोट बघ किती सुटलंय!" असं ऐकलेलं मूल मैदानावर गेलं तरी त्याचं लक्ष खेळात नसतं. आपल्या पोटाकडे कोण बघतंय, यातच ते अडकतं. म्हणून सुरुवात घरातल्या बोलण्यापासून करा.

१. नावं ठेवणं थांबवा. जाड्या, सुकडी, काळी ही नावं लाडानं घेतली तरी मुलांच्या मनात राहतात. आपण स्वतः आरशासमोर "किती सुटलेय मी" म्हणतो, तेही मुलं ऐकत असतात. लग्नकार्यात कुणी "अंगाला काही लागत नाही का गं हिच्या?" असं विचारलं, तर मुलीसमोरच सांगा, "काकू, वजनाचं राहू द्या. ती यंदा खो-खोच्या संघात आहे, त्याबद्दल विचारा ना तिला." आपल्या बाजूनं कुणीतरी बोललं, हे तिला कळणं फार गरजेचं आहे.

२. दिवसातून तासभर हालचाल. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. त्यात आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे खेळ हवेत. हा तास सलग नसला तरी चालतो. शाळेत चालत जाणं, संध्याकाळी खाली लगोरी, सुट्टीच्या दिवशी एखादी टेकडी, सगळं धरा.

३. खेळ मुलाला निवडू द्या. लंगडी आणि दोरीच्या उड्यांनी हाडांना चांगला ताण मिळतो. मल्लखांबानं हात, खांदे, पोट घट्ट होतं. झिम्मा-फुगडीत घाम निघतो आणि हरण्याजिंकण्याची धास्ती नसते. ज्याला स्पर्धा नको वाटते, त्याला पोहणं, सायकल, नाच यातलं काही आवडून जाईल. सोसायटीत "खेळण्यास मनाई" अशी पाटी असेल, तर चार पालकांनी मिळून कमिटीकडून संध्याकाळची ठरावीक वेळ मागून घ्या.

४. वयात येताना जास्त जपा. साधारणपणे मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात बदल सुरू होतात. उंची झपाट्यानं वाढण्याआधी अनेक मुलं अंगानं भरतात. हे स्वाभाविक आहे आणि ते आधीच सांगून ठेवलं तर मूल घाबरत नाही. याच वयात कितीतरी मुलींचा खेळ सुटतो, आणि त्यामागची कारणं बहुतेकदा अगदी साधी असतात. पळताना छातीला आधार नसतो, पांढऱ्या गणवेशावर डाग पडायची भीती असते, मैदानाजवळ धड स्वच्छतागृह नसतं. स्पोर्ट्स ब्रा, गडद रंगाची ट्रॅकपँट, दप्तरात जादा पॅड एवढी सोय करा. पाळीत बरं वाटत असेल तर खेळायला काहीच हरकत नाही. "आता मोठी झालीस, उड्या मारणं बंद" हे वाक्य कुणालाही बोलू देऊ नका, आजीलासुद्धा.

५. खेळ आणि खाणं शिक्षेत गुंतवू नका. "दोन लाडू खाल्लेस, आता दहा फेऱ्या मार" म्हटलं की लाडूही कडू आणि फेऱ्याही. शाळेत पीटीचा तास गणिताला दिला जात असेल, तर पालकसभेत विषय काढा.

६. वजनाची शंका डॉक्टरांकडे न्या. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानानं वजन किती, याचा) आकडा मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही. बालरोगतज्ज्ञ वय आणि लिंगानुसार केलेल्या वाढीच्या तक्त्यावर उंची-वजन पाहतात. घरी वजनकाटा मुलांच्या हाताशी ठेवू नका. मूल जेवण टाळत असेल, जेवून लगेच बाथरूममध्ये जात असेल, सतत वजन करत असेल किंवा ढगळ कपड्यांत अंग लपवत असेल, तर त्याला न रागावता लवकर डॉक्टरांना दाखवा. शरीराबरोबर मनाबद्दलही त्यांच्याशी मोकळेपणानं बोला.